बाईंना विचारा : सही करण्याआधी

शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की माझ्या टपालात एकाच विषयाची पत्रं वाढतात. शाळेनं मोबाइल आणि इंटरनेटचे नियम लिहून घरी पाठवले, आता काय करू? या महिन्यात अशी अकरा पत्रं आली.

परळच्या एका मराठी शाळेत मी सत्तावीस वर्षं कॉम्प्युटर शिकवला. १९९९ साली आमची लॅब सुरू झाली, तेव्हा दारावर माझ्याच अक्षरातली पाटी होती : चपला बाहेर काढाव्यात, ओले हात लावू नयेत, बाईंना विचारल्याशिवाय बटण दाबू नये. बारा यंत्रं आणि वर्गात चोपन्न मुलं, त्यामुळे पाटीवरची प्रत्येक ओळ यंत्र जपण्यासाठी होती. मुलांना जपणारी ओळ तिच्यात एकही नव्हती. आज घरोघरी आलेल्या नियमावल्या वाचताना ती पाटी आठवते, कारण यातल्या बऱ्याच नियमावल्या शाळेला जपण्यासाठी लिहिलेल्या दिसतात.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, भांडुपहून मुलुंडला लोकलनं जाते. शाळा मराठी माध्यमाची, पण इंटरनेट वापराची चार पानी नियमावली इंग्रजीत आली आहे. एकतीस नियम आहेत. शेवटी 'वाचलं, मान्य आहे' असं लिहून पालकांची सही मागितली आहे. मला अर्धंच कळलं. सही केली नाही तर मुलीला लॅबमध्ये बसू देणार नाहीत म्हणतात. शिवाय मोबाइल आणायला पूर्ण बंदी. पावसाळ्यात ट्रेन बंद पडली तर काय करायचं?
— एक आई, भांडुप

उत्तर : न कळलेल्या कागदावर सही करू नका. वर्गशिक्षिकेला भेटा आणि मराठी प्रत मागा. मागताना अवघडून जाऊ नका. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो की, माहिती घेण्यासाठी संमती मागताना दिली जाणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. त्या यादीत मराठी आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि त्यातली बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. पण मराठी शाळेनं मराठी पालकांना मराठीत सांगावं, यासाठी कायद्याची वाट कशाला बघायची?

मराठी प्रत हातात आली की एकतीसही नियम सारख्याच लक्ष देऊन वाचायची गरज नाही. 'हेडफोन तोडू नये', 'लॅबमध्ये डबा खाऊ नये' वगैरे वाचून पुढे जा. थांबायचं ते फोटोच्या ओळीवर. 'विद्यार्थ्यांची छायाचित्रं शाळेच्या माध्यमांवर वापरण्यास संमती आहे' असं एक वाक्य बहुतेक अशा कागदांत मध्येच कुठेतरी असतं. लॅबमध्ये बसण्यासाठी मुलीचा फोटो फेसबुकवर जाण्याची काहीच गरज नाही. या दोन गोष्टींना दोन वेगळ्या सह्या हव्यात. एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणायची मोकळीक तुम्हाला असली पाहिजे. त्या ओळीसमोर 'यास संमती नाही' असं लिहून खाली तारीख टाका. दिलेली संमती नंतर मागे घेता येते, हेही त्याच कायद्यात आहे.

मग बघा की शाळा मुलीला कुठल्या ॲपवर खातं उघडायला सांगते आहे. तिथे जन्मतारीख, मोबाइल नंबर, आधार असं काय काय भरायचं आहे? या कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे आणि तिची माहिती घेण्यासाठी पालकांची संमती लागते. मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायलाही मनाई आहे. गृहपाठाच्या ॲपवर मुलीला क्लासच्या आणि गेमच्या जाहिराती दिसत असतील, तर वहीत नोंद करून पालकसभेत विचारा की हे ॲप निवडलं कुणी आणि कशासाठी.

आता तुमच्या पावसाच्या प्रश्नाकडे येते, कारण तो माझ्या फार जवळचा आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री मी शाळेत होते, सोबत ३८ मुलं. हिंदमाताच्या बाजूनं येणारं पाणी आमच्या पायऱ्यांना लागलं होतं. शिक्षकांपैकी चौघांकडे मोबाइल होते आणि चारही लागत नव्हते. ऑफिसातला फोन मध्येच जिवंत व्हायचा, मध्येच मरायचा. उपयोगी पडला तो हजेरीपट. आमच्या एका सहकारी बाईंना सवय होती की, प्रत्येक मुलाच्या नावापुढे घरच्या नंबराखाली शेजाऱ्यांचा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानाचा नंबर लिहून ठेवायचा. फोन जिवंत झाला की त्या यादीवरून आम्ही एकेका चाळीला निरोप द्यायचो. लालबागच्या एका वाण्यानं सात घरांत स्वतः जाऊन सांगितलं की पोरं सुखरूप आहेत, खिचडी खाऊन झोपली आहेत.

म्हणून माझं मत असं की, लोकलनं एकटीनं येणाऱ्या मुलीकडे फोन असावा. तो बंद करून दप्तरात राहावा किंवा सकाळी ऑफिसात जमा व्हावा. तसा लेखी अर्ज द्या, कारणासह. पण फोन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दोन नंबर तिला तोंडपाठ हवेत. आजकाल मुलांना आईचा नंबरही पाठ नसतो, आज रात्री जेवताना विचारून बघा. शाळेला मात्र खडसावून विचारा : रेल्वे बंद पडली तर मुलं कुठे थांबतील, कोण थांबेल, आम्हाला कोण आणि कसं कळवेल? एकतीस नियमांत याचं उत्तर नसेल, तर बत्तिसावा नियम तुम्ही सुचवा.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. वर्गातल्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात शिक्षक नाहीत. कुणीतरी वर्गातल्या एका मुलीचा स्नेहसंमेलनातला फोटो घेतला, कुठल्याशा ॲपनं घाणेरडा केला आणि ग्रुपवर टाकला. माझ्या मुलानं तो पुढे दोघांना पाठवला. परवा रात्री रडत त्यानं मला सगळं सांगितलं. यांचं म्हणणं, डिलीट कर आणि गप्प बस. मी दोन रात्री झोपलेले नाही.
— नाव व गाव छापू नये

उत्तर : ताई, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला उत्तर पाठवलं आहे. इथे छापते आहे ते इतर घरांसाठी.

तुमच्या मुलानं फार वाईट गोष्ट केली. आणि मग त्यानं ती आपणहून आईला सांगितली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुसरी विसरून पहिलीसाठी त्याला बडवलंत, तर यापुढे तो तुम्हाला काही सांगणार नाही.

तो फोटो आता कुणालाही पाठवू नका. पुरावा म्हणून बहिणीला नाही, दुसऱ्या पालकांना नाही, मुख्याध्यापकांना नाही, मलाही नाही. पुन्हा उघडूही नका. एका कागदावर लिहून काढा : ग्रुपचं नाव, फोटो कुठल्या नंबरवरून आला, कधी आला, मुलानं कुणाला आणि कधी पाठवला. घाबरून फोन पुसून टाकू नका. त्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं हे पोलिसांना विचारून करा. अल्पवयीन मुलीचं असं चित्र बनवणं आणि पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली गुन्हा आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदाही लागू शकतो.

आता तुमच्या यजमानांच्या 'गप्प बस'बद्दल. पॉक्सोखालचा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, त्यानं तो पोलिसांना कळवायचा असतो. न कळवणं हाही त्या कायद्यात गुन्हा आहे आणि त्यातून संस्थेचा प्रमुखही सुटत नाही. त्यामुळे 'आपसात मिटवू' असं म्हणण्याची मोकळीक मुख्याध्यापकांनाही नाही. तुमच्या मुलाचंच नाव यात येणार आहे, म्हणून जाण्याआधी वकिलाशी बोला. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात त्यासाठी अर्ज करता येतो. पण या कामात दिवस घालवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, त्याचं नाव जाहीर करायला मनाई असते आणि तिथला विचार मुलाला सुधारण्याचा असतो. ज्या भीतीनं घरं गप्प बसतात, त्यातली बरीचशी भीती या एका माहितीनं कमी होते.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. तिथे स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे आणि नाव न देताही कळवता येतं. जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येतं. लहान मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे.

आणि ती मुलगी. दोन पानी पत्रात तिचा उल्लेख एकाच वाक्यात आला, हे मी तुम्हाला कळवलं होतं आणि इथेही लिहिते. तिच्या घरी तुम्ही थेट फोन करू नका. शाळेतल्या एखाद्या विश्वासाच्या बाईंनी तिच्या आईला समोर बसवून सांगावं. 'टेक इट डाउन' नावाची एक विनामूल्य सेवा आहे, हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेची. तिच्यात चित्र कुठेही पाठवावं लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा एक अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून चित्र शोधून काढून टाकतात. व्हॉट्सॲपच्या खासगी गप्पांपर्यंत ती पोहोचत नाही, पण इन्स्टाग्राम, फेसबुकवर ते चित्र जायचं थांबवायला तिचा उपयोग आहे. तिच्या आईपर्यंत हे पोहोचवा.

शाळांना माझी एक विनंती आहे. 'आक्षेपार्ह मजकूर पुढे पाठवणाऱ्यास शाळेतून काढण्यात येईल' एवढंच तुमच्या नियमावलीत असेल, तर नववीतला मुलगा सांगायला कधीच येणार नाही. त्याखाली आणखी एक ओळ लिहा : 'चूक झाली आणि आपणहून येऊन सांगितलं, तर आम्ही आधी ऐकून घेऊ.' आणि कुणाकडे येऊन सांगायचं, त्या शिक्षकांचं नाव लिहा. नुसतं 'शाळा प्रशासन' लिहिलं, तर मूल कुणाच्या दारात उभं राहणार?

प्रश्न : मी गिरगावातल्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे मोबाइल सापडला की जप्त होतो आणि मार्चमध्ये परत मिळतो. पालक भांडायला येतात. बंदी योग्य की अयोग्य, एकदा स्पष्ट सांगा.
— एक शिक्षक

उत्तर : सर, वर्गात फोन नको, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात एक फोन थरथरला तरी दहा माना वळतात, हे तुम्हाला मी काय सांगू! फ्रान्सनं २०१८ साली कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन वापरायला बंदी केली. पण तुमच्या पत्रातला अडचणीचा शब्द 'मार्च' आहे.

दिल्ली उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५मध्ये एका शाळकरी मुलाच्या प्रकरणात याच विषयावर काही तत्त्वं घालून दिली. सरसकट बंदी नको, शक्य असेल तिथे शाळेत आल्यावर फोन जमा करून घरी जाताना परत द्यावेत, वर्गात वापर नको, नियम मोडल्यास काय होईल ते आधीच स्पष्ट असावं, शिक्षा म्हणून फोन जप्त करता येईल पण शिक्षा वाजवी असावी, आणि धोरण ठरवताना पालक व शिक्षकांशी बोलावं. दिल्लीचा निकाल मुंबईतल्या शाळेवर आपोआप बांधील होत नाही, पण त्यातला विचार आपल्याकडेही उपयोगी आहे. जूनमध्ये घेतलेला फोन मार्चमध्ये देणं वाजवी म्हणता येईल का? आमच्याकडे शेवटी शेवटी आम्ही पहिल्या वेळी संध्याकाळी परत, दुसऱ्या वेळी पालकांच्या हाती परत, एवढंच ठेवलं. भांडणं थांबली.

जप्त केलेला फोन उघडायचा नाही, हा मात्र पहिला नियम हवा. एका शाळेत माझ्या डोळ्यांदेखत सातवीतल्या मुलीचा फोन घेऊन त्यातले मेसेज वर्गात मोठ्यानं वाचले गेले. मुलं हसली. मी दारात उभी होते, आत जाऊन फोन काढून घ्यायला हवा होता, तो घेतला नाही. ती मुलगी पुढे नऊ दिवस शाळेत आली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमात मारण्याइतकीच मानसिक छळालाही मनाई आहे. पण कलम माहीत नसतं तरी त्या मुलीचा चेहरा पुरेसा होता.

आणि सर, शिक्षकांच्या फोनचे नियमही त्याच कागदावर घ्या. मुलांच्या कवितेचा व्हिडिओ शिक्षकानं स्वतःच्या खात्यावर टाकायचा की नाही, विद्यार्थिनीला रात्री व्यक्तिगत मेसेज करायचा की नाही, पेपर तपासताना मार्कांच्या यादीचा फोटो ग्रुपवर जाऊ द्यायचा की नाही. मुलं आपलंच बघतात.

प्रश्न : नातवाच्या शाळेत गृहपाठाच्या ॲपसाठी सगळ्या वर्गाला एकच पासवर्ड आहे. शाळेचं नाव आणि पुढे १२३. हे चालतं का?
— एक आजोबा, विलेपार्ले

उत्तर : नाही, आजोबा. कुणीही कुणाच्या नावानं काहीही लिहू शकेल आणि भोगेल भलताच. वेगळे पासवर्ड मागा. तोवर नातवाला एक लांब वाक्य निवडायला शिकवा, लक्षात राहील असं, आणि ते दप्तराच्या कप्प्यात लिहून ठेवू नको म्हणावं.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे, कुर्ल्याला राहतो. 'मुंबईचा पाणीपुरवठा' हा प्रोजेक्ट मी चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. माझ्या मित्रानंही तेच केलं. दोघांच्या प्रोजेक्टमध्ये पवई तलावाचं पाणी आपण पितो असं आलं, म्हणून मॅडमनी दोघांना शून्य दिलं. नियमात कॉपी करू नये एवढंच लिहिलं आहे. हे कॉपी कसं?
— एक विद्यार्थी

उत्तर : तू प्रश्न बरोबर विचारलास. नियम अपुरा आहे, हे मी तुझ्या मॅडमनाही सांगेन. अशा साधनाला काय विचारायला परवानगी आहे आणि काय नाही, हे शाळेनं लिहून द्यायला हवं. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या अटींप्रमाणे तेरा वर्षांच्या आतल्या मुलांनी ते वापरायचं नाही आणि अठरा होईपर्यंत पालकांची संमती लागते. तू घरी विचारलं होतंस का?

पण शून्य मला पटलं. पवई तलाव बांधला होता पिण्याच्या पाण्यासाठीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पण त्याचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. मुंबईला पाणी देणारे जलाशय सात : भातसा, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी. यातले विहार आणि तुळशी मुंबईतच, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात. विहार १८६० साली पुरा झाला. पावसाळ्यात रोज पेपरात या सात जणांच्या पातळ्या छापून येतात. तुझ्या घरी पेपर येत नसेल तर वाचनालयात येतो. तुम्हा दोघांपैकी एकानं जरी एक दिवसाचा पेपर उघडला असता, तरी पवई तिथे नाही हे दिसलं असतं.

मी असते तर तुला पुन्हा लिहायला दिलं असतं, म्हणून तसंच मॅडमना विचार. विचारायला जाताना माफी आणि नवा आराखडा दोन्ही घेऊन जा. यंत्राला विचारलंस तर शेवटच्या पानावर खरं लिही : काय विचारलं, काय उत्तर आलं, त्यातलं काय कुठे तपासलं. तपासायला मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य आहे. बालभारतीची भूगोलाची पुस्तकंही आहेत. आणि एक पान असं लिही, जे कुठल्याही यंत्राला लिहिता येणार नाही. तुमच्या गल्लीत पाणी किती वाजता येतं, किती वेळ राहतं, पिंप कोण भरतं, मे महिन्यात काय होतं. आजी असेल तर तिला विचार की ती कुर्ल्यात आली तेव्हा नळ घरात होता की चाळीच्या टोकाला.

नवा प्रोजेक्ट झाला की एक प्रत मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठव. आजीचं पान मी आधी वाचीन.